सुपरहिरोंचं कूळ विचारायलाच हवं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये अशी म्हण आहे. सुपरहिरोंच्या बाबतीत मात्र ते विचारायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, कारण गेली कित्येक वर्षं या विषयावर जो वाद चालतो तो फार ढिसाळपणे चालतो. एका बाजूचे लोक म्हणतात सुपरहिरो म्हणजे आधुनिक पुराणकथा, सुपरमॅन म्हणजे हर्क्युलस, फ्लॅश म्हणजे मर्क्युरी, माणसाला देव लागतातच म्हणून त्यानं नवे देव तयार केले, विषय संपला. दुसऱ्या बाजूचे म्हणतात छे, सुपरहिरो हे सायन्स फिक्शन आणि डिटेक्टिव्ह कथांचं अपत्य आहे, रॉकेट, किरणोत्सर्ग, प्रयोगशाळा, मुखवटे हेच त्याचं खरं घर, जादूटोणा आणि तलवारी नंतर चवीपुरत्या आल्या. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघंही मधली एक अख्खी इमारत बघतच नाहीत, ती म्हणजे फँटसी कादंबरी. माझं म्हणणं सरळ आहे: आज आपण जे सुपरहिरो कॉमिक्स म्हणून वाचतो, म्हणजे एकमेकांत गुंतलेली हजारो पात्रं, स्वतःचा इतिहास-भूगोल असलेलं जग, एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याच्या वाटा, त्यावर सगळ्यात खोल ठसा १९१२ ते १९७० च्या दशकातल्या पल्प मासिकांमधल्या (म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथामासिकांमधल्या) आणि पेपरबॅकमधल्या फँटसीचा आहे. आणि हा ठसा तलवारी आणि चेटक्यांपुरता नाहीये, एखादं काल्पनिक जग वर्षानुवर्षं कसं सांभाळायचं ती रीतच कॉमिक्सनं तिथून उचललीय.

आधी पुराणवाल्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. १९४० साली आलेला कॅप्टन मार्व्हल 'शझॅम' हा जादूचा शब्द उच्चारतो आणि त्या शब्दातली अक्षरं सॉलोमन, हर्क्युलस, ॲटलस, झ्यूस, अकिलीज आणि मर्क्युरी यांची आहेत, याहून उघड कबुली कुठली असणार? वंडर वुमन ॲमेझॉन स्त्रियांमधली. थॉर तर नावासकट उचललेला. हे नाकारायचं कारणच नाही. पण थॉरकडे जरा जवळून बघा. जुन्या नॉर्स कथांमधला थॉर लाल दाढीवाला, बोकड जुंपलेल्या रथातून फिरणारा. १९६२ साली मार्व्हल या कॉमिक्स कंपनीनं आणलेला थॉर सोनेरी केसांचा, दाढीमिशा नसलेला. जुन्या कथांमध्ये लोकी हा ओडिनचा रक्तशपथ घेतलेला भाऊ, कॉमिक्समध्ये तो थॉरचा दत्तक भाऊ होतो आणि सगळं नाट्य त्या सावत्रपणावर उभं राहतं. म्हणजे नावं पुराणातली, पण कुटुंब, राजवाडा, सिंहासनाचं राजकारण, महिन्यामागून महिना पुढे सरकणारी गोष्ट, हे सगळं कुठलं? हे कादंबरीचं आहे.

आणि इथेच खरा फरक आहे. पुराणकथेला सातत्य लागत नाही. एकाच देवाच्या जन्माच्या तीन कथा असतात, तिन्ही सुखानं नांदतात, कुणी उठून विचारत नाही की आधीच्या अध्यायात तर वेगळं सांगितलं होतं. कॉमिक्सचा वाचक मात्र नेमकं तेच विचारतो. अमुक अंकात हा मेला होता मग इथे कसा, तमुक घटना आधी घडली की नंतर. ही सवय त्याला पुराणांनी लावली का? मला नाही वाटत. रॉबर्ट ई. हॉवर्डनं कोनान या रानटी योद्ध्याच्या कथा डिसेंबर १९३२ पासून 'वीअर्ड टेल्स' मासिकात लिहिल्या त्या कालक्रमानं लिहिल्याच नाहीत, पहिल्याच कथेत कोनान राजा आहे आणि नंतरच्या कथेत तो पोरसवदा चोर. पण हॉवर्डनं स्वतःच्या सोयीसाठी त्या जगाचा सबंध इतिहास एका निबंधात लिहून ठेवला होता, 'हायबोरियन एज', कुठल्या जमाती कुठून आल्या, कुठली राज्यं कधी बुडाली, अगदी आपल्या माहितीतल्या इतिहासापर्यंत आणून सोडलेला. आणि १९३६ साली पी. शूयलर मिलर आणि जॉन डी. क्लार्क या दोन वाचकांनी बसून कोनानच्या आयुष्याचा कालक्रम लावला, नकाशा काढला, हॉवर्डला पाठवला, आणि हॉवर्डनं मार्चमध्ये त्यांना सविस्तर उत्तर दिलं. त्याच वर्षी जूनमध्ये तो गेला, तिसाव्या वर्षी. म्हणजे बघा, सुपरमॅन छापला जाण्याच्या दोन वर्षं आधी, फँटसीचे वाचक नेमकं तेच काम करत होते जे नंतर कॉमिक्सच्या वाचकांची ओळखच बनून गेलं, तुकडे जुळवणं, विसंगती शोधणं, लेखकाला पत्र लिहून विचारणं. ज्याला आपण 'कंटिन्युइटी' म्हणतो ती पुराणातून आली असं सांगणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं आहे.

आता सायन्स फिक्शनवाले. त्यांची बाजू जास्त भक्कम आहे हे मी मोकळेपणानं कबूल करतो. सुपरमॅन रॉकेटमधून येतो. सुपरमॅनचा लेखक जेरी सीगल स्वतः पोरवयात सायन्स फिक्शनचं हस्तलिखित वजा मासिक काढायचा. बॅटमॅनमागे झोरो आहे, शॅडो आहे, असले गुप्त वेशातले नायक, आणि त्यात जादूचा लवलेश नाही. डॉक सॅव्हेज या १९३३ च्या पल्प नायकाचं नाव क्लार्क होतं आणि त्याचा आर्क्टिकमधला 'फॉर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड' होता, तो पुढे सुपरमॅनकडे कसा आला हे वेगळं सांगायला नको. हे सगळं खरं. पण सुपरमॅनच्या ताकदीची कल्पना कुठून आली हे सीगलनं नंतर मुलाखतीत सांगितलंय, आणि त्यात त्यानं नाव घेतलंय एडगर राइस बरोजच्या कादंबरीतल्या, मंगळावर जाणाऱ्या जॉन कार्टरचं. मंगळ लहान, गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून पृथ्वीवरचा माणूस तिथे प्रचंड उड्या मारतो, तर मग एखाद्या मोठ्या ग्रहावरचा माणूस पृथ्वीवर आला तर? जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' मधला सुपरमॅन उडत नाही, तो उडी मारतो, मैलाच्या आठव्या भागाइतकी. ती उडी कार्टरची उडी आहे, दिशा फक्त उलटी केलीय.

यावर लगेच उत्तर येतं की मंगळाची गोष्ट म्हणजे सायन्स फिक्शनच की. खरंच? ती कादंबरी १९१२ साली मासिकातून क्रमशः आली, तिची सुरुवात उघडून बघा. कार्टर ॲरिझोनातल्या एका गुहेत आहे, अंग लुळं पडलंय, काहीतरी तुटल्यासारखं होतं आणि तो स्वतःच्याच शरीराबाहेर उभा राहतो, नागडा, जमिनीवर पडलेल्या आपल्याच देहाकडे बघत. मग गुहेबाहेर येतो, आकाशात लाल मंगळ दिसतो, त्याच्याकडे हात पसरतो आणि ओढला जातो. यंत्र नाही, इंधन नाही, शास्त्रज्ञ नाही. पोचल्यावर राजकन्या आहे, तलवारी आहेत, मरत चाललेली प्राचीन शहरं आहेत. याला विज्ञानकथा म्हणायचं तर परीकथेतल्या उडत्या गालिच्याला विमान म्हणावं लागेल. गुरुत्वाकर्षणाचं एक वाक्य आहे म्हणून अख्खी गोष्ट विज्ञानाच्या खात्यात जमा होत नाही.

मुळात त्या काळात या खात्यांच्या भिंतीच नव्हत्या, हा मुद्दा वादात कुणी आणतच नाही. पुस्तकांच्या दुकानात फँटसीचं वेगळं कपाट ही फार नंतरची गोष्ट. 'वीअर्ड टेल्स'मध्ये भुतं, परग्रह, रानटी योद्धे शेजारीशेजारी बसायचे आणि तेच लेखक सगळीकडे लिहायचे. ज्युलियस श्वार्ट्झचंच घ्या, ज्यानं १९५६ नंतर फ्लॅश आणि ग्रीन लँटर्न नव्यानं घडवून सुपरहिरोंना दुसरा जन्म दिला. तो संपादक होण्याआधी साहित्यिक एजंट होता आणि एच. पी. लव्हक्राफ्ट या फँटसी लेखकाची अंटार्क्टिकावरची मोठी कथा त्यानंच एका सायन्स फिक्शन मासिकाला विकली, १९३६ मध्ये ती छापून आली. एडमंड हॅमिल्टन १९२६ पासून 'वीअर्ड टेल्स'मध्ये लिहीत होता आणि १९४० च्या दशकापासून सुपरमॅन-बॅटमॅनच्या कथा लिहायला लागला. गार्डनर फॉक्सनंही 'वीअर्ड टेल्स'साठी लिहिलं, १९४० साली डॉक्टर फेट नावाचा जादूगार सुपरहिरो आणला, आणि त्याच वर्षी जस्टिस सोसायटीची पहिली गोष्ट लिहिली, वेगवेगळ्या अंकांतले नायक एका टेबलाभोवती बसवणारी. ही माणसं सकाळी फँटसी आणि दुपारी सुपरहिरो लिहीत होती. एका टाइपरायटरवरच्या दोन गोष्टींमध्ये प्रभाव पडला की नाही हा प्रश्न तरी कसा पडतो?

बॅटमॅनमध्ये जादूचा लवलेश नाही असं मी वर म्हटलं, पण १९७४ साली त्याच्या शत्रूंना ठेवण्यासाठी जे वेड्यांचं इस्पितळ आलं त्याचं नाव अर्कम आहे, आणि अर्कम हे लव्हक्राफ्टनं वसवलेलं शहर. सगळ्यात वास्तववादी म्हणवल्या जाणाऱ्या सुपरहिरोच्या शहरातली सगळ्यात प्रसिद्ध इमारत अशी एका फँटसी लेखकाच्या नकाशातून आलीय.

पण माझ्या बाजूचे लोकही अतिरेक करतात, तोही सांगितला पाहिजे. मल्टिव्हर्स, म्हणजे एकाच वेळी असलेली अनेक समांतर विश्वं, ही कल्पना कॉमिक्सनं मायकल मूरकॉक या फँटसी लेखकाकडून घेतली असं काही जण ठासून सांगतात. तारखा जुळत नाहीत. मूरकॉकनं तो शब्द आपल्या कथांमध्ये १९६२ च्या सुमारास वापरायला सुरुवात केली, आणि जुना फ्लॅश व नवा फ्लॅश दोन वेगळ्या पृथ्वींवर राहतात ही गोष्ट सप्टेंबर १९६१ च्या अंकात आली होती, लेखक पुन्हा गार्डनर फॉक्सच. तेव्हा इथे चोरीबिरी काही नाही. पण मूरकॉक कोण होता? सतराव्या वर्षी बरोजच्याच टारझनच्या मासिकाचा संपादक झालेला, म्हणजे बरोजवरच पोसलेला लेखक. आणि फॉक्सच्या आधी, १९४० मध्येच, एल. स्प्रेग द कँप आणि फ्लेचर प्रॅट यांनी हॅरल्ड शी नावाच्या मानसशास्त्रज्ञाला समीकरणांच्या जोरावर थेट नॉर्स कथांच्या जगात पाठवलं होतं. दोघं एकाच विहिरीवर पाणी भरत होते, कुणाचा पोहरा आधी वर आला यावर भांडून काय मिळणार?

१९६० च्या दशकात मात्र प्रभाव अगदी उघड, मोजता येईल असा झाला. टोल्किनच्या महाकादंबरीच्या १९६५ च्या पेपरबॅक आवृत्त्यांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना वेड लावलं, १९६६ पासून कोनानची पुस्तकं फ्रँक फ्रझेटाच्या मुखपृष्ठांसह नव्यानं आली, आणि वाचकांची पत्रं मार्व्हलकडे यायला लागली की असलं काहीतरी करा. मार्व्हलचा लेखक रॉय थॉमस यानं सांगितलेली हकिकत अशी की प्रकाशकानं हक्कांसाठी अंकामागे १५० डॉलरची मर्यादा घातली होती, म्हणून कोनान परवडणार नाही असं धरून त्यानं आधी लिन कार्टरच्या थाँगर या कोनानसारख्याच नायकासाठी प्रयत्न केला, मग हिंमत करून हॉवर्डच्या वारसदारांच्या प्रतिनिधीला २०० देऊ केले, आणि वरच्या पैशांची भरपाई म्हणून महागडा जॉन ब्युसेमा सोडून बॅरी स्मिथ हा नवखा, स्वस्त चित्रकार घ्यावा लागला. ऑक्टोबर १९७० ला पहिला अंक आला. आज त्या स्मिथच्या रेषा अभ्यासल्या जातात. हे पुराणांच्या सनातन ओढीनं झालं का? हे पेपरबॅकच्या खपानं, वाचकांच्या पत्रांनी आणि ५० डॉलरच्या फरकानं झालं.

यावर एक चांगला आक्षेप असा येतो की ठीक आहे, कोनान आला, पण तो सुपरहिरो नाहीच, तो बाजूला चाललेला वेगळा धंदा होता. वरवर बघता बरोबर आहे. पण एका खलनायकाचा माग काढू. कोनानच्या १४ आणि १५ व्या अंकांची कथाकल्पना १९७२ साली मूरकॉक आणि जेम्स कॉथॉर्न यांच्याकडून आली, त्यात मूरकॉकच्या कादंबऱ्यांचा नायक एलरिक कोनानला भेटतो, आणि त्यातच कुलान गाथ नावाचा चेटक्या पहिल्यांदा येतो. १९७९ मध्ये मार्व्हलचा लेखक ख्रिस क्लेअरमाँट त्याच कुलान गाथला आजच्या न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये जागा करतो, तिथे स्पायडरमॅनच्या मैत्रिणीच्या, मेरी जेनच्या अंगात कोनानच्या काळातली तलवारबाज रेड सोन्या संचारते आणि स्पायडरमॅन तिच्या शेजारी उभा राहून लढतो. मग १९८५ मध्ये एक्स-मेनच्या १९० व्या अंकात कुलान गाथ परत येतो आणि अख्खं मॅनहॅटन हायबोरियन काळातलं शहर होऊन जातं. अंगावरचे कपडे बदलतात, हातात तलवारी येतात, एक्स-मेन आणि ॲव्हेंजर्स त्याच जगातली माणसं होऊन जातात आणि आपण आधी कोण होतो हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी त्या पानांवर बराच वेळ थांबलो होतो, कारण माझ्या लेखी या सगळ्या वादाचं चित्रच आहे ते, सुपरहिरोंच्या शहराचा पातळ थर खरवडला की खाली हॉवर्डचं शहर निघतं. कादंबरीकार, मग कोनानचा अंक, मग स्पायडरमॅन, मग एक्स-मेन, साखळीची एकेक कडी तारखेसकट दाखवता येते. असंच शुमा-गोराथचं. हॉवर्डच्या कुल राजाच्या एका कथेत नुसतं नाव येऊन गेलेलं, १९७२ मध्ये डॉक्टर स्ट्रेंज या मार्व्हलच्या जादूगार नायकाच्या गोष्टीत ते नाव आलं आणि १९७३ मध्ये अवाढव्य शत्रू बनून उभं राहिलं.

मग कुणी म्हणेल, म्हणजे सगळी उचलेगिरीच की. हेही मला पटत नाही. १९९० साली नील गेमननं कॉमिक्समध्ये टिम हंटर हा चष्मेवाला, घुबडवाला पोरगा आणला ज्याला कळतं की आपण मोठा जादूगार होऊ शकतो, आणि सात वर्षांनी हॅरी पॉटर आला. लोकांनी चोरीचा आरोप केला तेव्हा गेमननंच तो झटकून टाकला, आम्ही दोघंही टी. एच. व्हाइटकडून घेतलंय अशा अर्थाचं तो बोलला. व्हाइटचं ते आर्थर राजाच्या बालपणावरचं पुस्तक १९३८ चं, म्हणजे सुपरमॅनच्याच वर्षातलं. सर्व्हान्टिसनं १६०५ मध्ये 'डॉन किखोते' लिहिलं ते शूर सरदारांच्या कादंबऱ्या पचवून, आणि त्यात तो त्या पुस्तकांची नावं घेतो, कुठली जाळायची, कुठली ठेवायची याची चर्चाच घडवून आणतो. त्यामुळे त्याचं मोठेपण कमी झालं का? घेतलं म्हणून कमीपणा येत नाही, आणि हा व्यवहार एकतर्फीही नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन याचं पोरवयातलं पत्र १९६३ च्या 'फँटास्टिक फोर'च्या अंकात छापलेलं आहे, आणि शोकांत, मरणाऱ्या पात्रांची ओढ आपल्याला मार्व्हलच्या अंकांतून लागली अशा अर्थाचं तो बोललाय.

मग मी 'आधुनिक पुराण' या शब्दावर एवढा का चिडतो? कारण पुराण म्हटलं की कुणाला श्रेय द्यावं लागत नाही. ते सगळ्यांचं असतं, वाऱ्यावर असतं, मानवी मनातून आपोआप उगवतं. पण सीगल आणि सुपरमॅनचा चित्रकार शूस्टर यांना सुपरमॅनचे सगळे हक्क देऊन टाकताना १३० डॉलर मिळाले होते. शब्दामागे पैसे घेऊन लिहिणारी ही सगळी माणसं होती, महिना भरायचा म्हणून लिहिणारी, आणि त्यांच्या कष्टाला 'सनातन आदिबंध' असं भारदस्त नाव दिलं की ती माणसं चित्रातून पुसली जातात.

दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं आहे. या वारशात विषही आहे. कार्टर हा अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या सैन्यातला कॅप्टन आहे, आणि परक्या लोकांमध्ये जाऊन त्यांच्याहून सरस ठरणारा गोरा नायक हा साचा त्याच्यापासून थेट कॉमिक्समध्ये उतरलाय. हॉवर्डच्या कथांमध्ये वंशाबद्दलच्या गलिच्छ कल्पना आहेत, लव्हक्राफ्टच्या तर पत्रांमध्येही आहेत, इतक्या की वर्ल्ड फँटसी ॲवॉर्डनं त्याच्या चेहऱ्याचा पुतळा २०१५ नंतर देणं थांबवलं. आता विचार करा, सुपरहिरो म्हणजे सनातन पुराण असं मानलं तर हे दोषही सनातन ठरतात, मानवी मनाचाच भाग, त्याला कोण काय करणार. पण हा साचा एका माणसानं १९१२ साली एका मासिकासाठी पाडला असं म्हटलं की तो मोडता येतो, बदलता येतो, आणि कितीतरी लेखकांनी तो बदललाही आहे. प्रभावाचा नेमका पत्ता ठाऊक असेल तरच त्याच्याशी भांडता येतं.

श्रेयाच्या बाबतीत मला सारखं ते १९६१ चं फ्लॅशचं प्रकरण आठवतं. नवा फ्लॅश बॅरी ॲलन दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो, जुन्या फ्लॅशला, म्हणजे 'जे गॅरिक' नावाच्या माणसाला भेटतो, आणि त्याला सांगतो की तू माझ्या जगात कॉमिक्समधलं पात्र आहेस. आणि ते कसं शक्य झालं याचा खुलासाही करतो, की गार्डनर फॉक्स नावाचा एक लेखक झोपेत असताना त्याचं मन तुझ्या जगाशी जुळत असणार. गोष्टीच्या आत, पात्राच्या तोंडी, लेखकाचं खरं नाव. १९६८ च्या आसपास डीसीच्या, म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन, फ्लॅश छापणाऱ्या कंपनीच्या, काही जुन्या लेखकांनी आरोग्य विम्यासारख्या सोयी मागितल्या, त्यांत फॉक्स होता, आणि त्यानंतर तिथलं त्याचं काम थांबलं. १९६९ मध्ये त्यानं कोथार नावाच्या रानटी तलवारबाजावर कादंबऱ्या लिहायला घेतल्या. आणि १९७२ मध्ये ज्या डॉक्टर स्ट्रेंजच्या अंकात हॉवर्डच्या कथेतलं शुमा-गोराथ हे नाव पहिल्यांदा आलं, त्या अंकावर लेखक म्हणून नाव आहे गार्डनर फॉक्सचं.